विश्लेषण : ‘हेन्री’ पाहताना प्रेक्षक उठून का गेले? पडद्यावरचा खुनी आणि खोट्या कबुल्यांची खरी गोष्ट

मायकल रूकर हा अभिनेता आज ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’मधला निळ्या रंगाचा योंडू किंवा ‘द वॉकिंग डेड’मधला मर्ल म्हणून ओळखला जातो. पण त्याने सर्वप्रथम कॅमेऱ्यासमोर साकारलेली भूमिका एका निर्विकार खुन्याची होती आणि ती अनेकांना शेवटपर्यंत बघवली नव्हती. ‘हेन्री : पोर्ट्रेट ऑफ अ सिरियल किलर’ हा चित्रपट १९८९ मध्ये अमेरिकेतील टेल्युराइड महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा बरेच प्रेक्षक मध्येच उठून बाहेर पडले. थांबलेल्यांमध्येही दोन तट पडले. हा चित्रपट किळसवाणा आहे, असे एकांचे म्हणणे होते. दुसऱ्यांच्या मते, मृत्यूची थट्टा करणाऱ्या भयपटांच्या गर्दीत हाच एक प्रामाणिक होता. हा वाद पुढे अनेक वर्षे चालला. मधल्या काळात ज्या खऱ्या माणसावरून हा चित्रपट बेतला होता, त्याची ‘खरी’ कहाणीच बहुतांशी बनावट असल्याचे उघड झाले.

चित्रपट बनला कसा?

शिकागोत व्हिडीओ कॅसेटचा व्यवसाय करणाऱ्या वलीद आणि मलिक अली या भावांना बाजारात खपेल असा स्वस्तातला भयपट हवा होता. त्यांनी जॉन मॅकनॉटन या नवख्या दिग्दर्शकाला सुमारे एक लाख डॉलर देऊ केले. एवढ्या पैशांत ना भुते परवडणार होती, ना परग्रहवासी. त्याच सुमारास मॅकनॉटनच्या पाहण्यात हेन्री ली लुकास या कैद्यावरचा टीव्ही कार्यक्रम आला. शेकडो खुनांची कबुली देणारा, साधासुधा दिसणारा माणूस. विषय मिळाला. रिचर्ड फायर या सहलेखकासोबत पटकथा तयार झाली आणि १९८५ मध्ये १६ मिमी फिल्मवर, साधारण चार आठवड्यांत चित्रीकरण उरकले. पैशांची चणचण इतकी, की एकाच अभिनेत्रीने एकाहून अधिक बळींच्या भूमिका केल्या.

रक्त, स्त्रीदेह, सनसनाटी आणि ‘सत्यघटनेवर आधारित’ ही पाटी यांच्या जोरावर कमी खर्चात पैसा कमावणाऱ्या सिनेमाला ‘एक्स्प्लॉयटेशन’ म्हणतात. अली बंधूंची अपेक्षा तीच होती. हाती आले ते वेगळेच. त्यात दचकवणारे क्षण नव्हते, पाठलाग नव्हता, शेवटी धावून येणारे पोलीसही नव्हते. १९८६ मध्ये शिकागोच्या महोत्सवात दाखवल्यानंतर चित्रपट जवळपास डब्यातच पडून राहिला. चित्रपटगृहांत तो लागला तो थेट १९९० मध्ये.

प्रेक्षकांना नेमके काय खुपले?

खरे तर या चित्रपटात दिसणारे रक्त त्या काळातल्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’सारख्या मालिकांच्या तुलनेत जास्त नाही. सुरुवातीला मृतदेह दिसतात ते निश्चल, एखाद्या छायाचित्रासारखे. खून प्रत्यक्ष दिसत नाही, पार्श्वभूमीला त्याचा फक्त आवाज ऐकू येतो. लगेच पुढच्या दृश्यात हेन्री हॉटेलात जेवतोय, पैसे देतोय, वेट्रेसला हसून दाद देतोय. तो कोण, असा का झाला, याचा उलगडा करायला कोणी मानसोपचारतज्ज्ञ येत नाही. एरवी अशा चित्रपटांत एखादा हुशार पोलीस अधिकारी असतो आणि प्रेक्षक त्याचे बोट धरून सुरक्षित अंतरावरून सगळे पाहतो. इथे ते बोटच नाही.

सर्वाधिक वाद झाला तो एका घरात घुसून केलेल्या हत्याकांडाच्या दृश्यावर. हेन्री आणि त्याचा साथीदार ओटिस यांच्याकडे चोरीचा व्हिडीओ कॅमेरा आहे. आई, वडील आणि मुलगा अशा तिघांच्या कुटुंबावरचा हल्ला प्रेक्षकाला त्या कॅमेऱ्याच्या हलत्या, धुरकट चित्रांतून दिसतो. कट नाही, संगीत नाही. दृश्य संपते आणि मग कळते, की आपण पाहत होतो ती टेप आहे आणि हेन्री व ओटिसही घरातल्या सोफ्यावर बसून तीच पाहत आहेत. ओटिस ती मागे घेतो आणि पुन्हा लावतो.

चित्रपटगृहातला प्रेक्षक आणि सोफ्यावरचा ओटिस त्या क्षणी एकाच पडद्याकडे बघत असतात. आपण हे का पाहतोय, हा प्रश्न पात्रांच्या तोंडी एक शब्दही न घालता विचारला जातो. उठून गेलेल्या प्रेक्षकांवर हळवेपणाचा शिक्का मारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे, की त्यांच्यापैकी काहींना चित्रपट नेमका कळला असण्याचीही शक्यता आहे.

सेन्सॉरची कात्री कुठे चालली?

अमेरिकेतील प्रमाणन यंत्रणेने चित्रपटाला ‘एक्स’ दर्जा दिला. हा दर्जा तोवर अश्लीलपटांची ओळख बनला होता, त्यामुळे मोठी चित्रपटगृहे आणि वर्तमानपत्रांतील जाहिराती या दोन्ही वाटा बंद झाल्या. काही दृश्ये कापून उपयोग नाही, आक्षेप एकूण नैतिक सुरावर आहे, असे आपल्याला सांगण्यात आल्याचे मॅकनॉटनने नंतर सांगितले. सूर कापायचा कसा? अखेर चित्रपट प्रमाणपत्राविनाच प्रदर्शित झाला. अशाच आणखी काही चित्रपटांवरून ओरड झाल्यानंतर १९९० मध्येच ‘एक्स’ जाऊन ‘एनसी-१७’ हा प्रौढांसाठीचा नवा दर्जा आला.

ब्रिटनमधला किस्सा अधिक बोलका आहे. १९९३ च्या व्हिडीओ आवृत्तीसाठी तिथल्या मंडळाचे संचालक जेम्स फर्मन यांनी हत्याकांडाच्या दृश्याची मांडणीच बदलली. टेप पाहणारे हेन्री आणि ओटिस प्रेक्षकाला आधीच दाखवले गेले. हेतू धक्का कमी करण्याचा होता. परिणाम असा झाला, की ‘हे ते पाहत आहेत, मी नाही’ अशी पळवाट प्रेक्षकाला मिळाली आणि दृश्याचा अर्थच निघून गेला. हिंसा बहुतांशी तशीच, प्रश्न तेवढा गायब. मूळ चित्रपट कोणत्याही कापाकापीविना ब्रिटनमध्ये पाहायला मिळायला २००३ उजाडले.

खरा हेन्री कोण होता?

हेन्री ली लुकासने १९६० मध्ये मिशिगन राज्यात भांडणात आईचा खून केला होता आणि त्यासाठी तो तुरुंगातही गेला होता. १९८३ मध्ये टेक्सासमध्ये तो पुन्हा पकडला गेला. एका ८२ वर्षांच्या वृद्धेचा आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या किशोरवयीन मुलीचा खून त्याने कबूल केला. इथवर पुरावे होते. मग न्यायालयात उभे राहून त्याने आणखी शंभरेक स्त्रियांचा उल्लेख केला आणि देशभर खळबळ उडाली.

टेक्सास रेंजर्सने त्याच्यासाठी खास कृतिदल नेमले. वेगवेगळ्या राज्यांतले पोलीस आपापल्या न सुटलेल्या खुनांच्या फायली घेऊन जॉर्जटाऊनच्या तुरुंगात रांग लावू लागले. लुकासला घटनास्थळाची छायाचित्रे दाखवली जात, प्रश्नांतूनच तपशील पुरवले जात आणि तो मान डोलावत असे. बदल्यात सिगारेट, मनासारखे खाणे, स्ट्रॉबेरी मिल्कशेक, तपासाच्या निमित्ताने राज्याराज्यांत फिरणे. कबुल्यांचा आकडा सहाशेच्या घरात पोहोचला आणि दोनशेहून अधिक प्रकरणे ‘उकलली’ म्हणून बंद झाली. डॅलस पोलिसांतील एका अधिकाऱ्याला संशय आला, म्हणून तिने न घडलेला खूनच रचून त्याच्यापुढे ठेवला. लुकासने तोही कबूल केला!

१९८५ मध्ये ‘डॅलस टाइम्स हेराल्ड’चे पत्रकार ह्यू एन्सवर्थ यांनी या कबुल्यांचा हिशेब मांडला. कामावरच्या हजेऱ्या, पावत्या आणि प्रवासाच्या नोंदी जुळवल्यावर दिसले, की सगळे खून खरे मानायचे तर लुकासला आपल्या जुन्या गाडीतून एका महिन्यात ११ हजार मैल, म्हणजे रोज जवळपास ६०० किलोमीटर अंतर कापावे लागले असते. पुढच्याच वर्षी टेक्सासच्या ॲटर्नी जनरलच्या अहवालानेही कबुल्यांवर प्रश्नचिन्ह उभे केले. ही सगळी कहाणी नेटफ्लिक्सच्या २०१९ मधील ‘द कन्फेशन किलर’ या माहितीमालिकेत सविस्तर आली आहे. ‘हेन्री’ पाहिलेल्यांनी ती आवर्जून पाहावी. न पाहिलेल्यांनी आधी पाहिली तरी काही बिघडत नाही.

मग चित्रपट खोटा ठरतो का?

लुकासची भांडाफोड आणि ‘हेन्री’चे चित्रीकरण एकाच वर्षातले. चित्रपटाच्या आरंभी एक निवेदन येते. ही काल्पनिक मांडणी आहे, ती काही अंशी हेन्री नावाच्या व्यक्तीच्या कबुलीजबाबांवर आधारित आहे आणि त्यातल्या अनेक कबुल्या त्याने नंतर नाकारल्या, अशा आशयाचे ते निवेदन आहे. अनेक प्रेक्षकांच्या नजरेतून ते निसटते आणि ‘खऱ्या खुन्याचा चित्रपट’ एवढेच लक्षात राहते.

पण मॅकनॉटनला शंका आली असावी, असे एका दृश्यावरून वाटते. ओटिसची बहीण बेकी हेन्रीला त्याच्या आईच्या खुनाबद्दल विचारते. तिने ओटिसकडून ऐकलेले असते, की हेन्रीने बेसबॉलच्या बॅटने मारले. हेन्री सांगतो, चाकूने. थोड्या वेळाने तोच सांगतो, गोळी घातली. बेकी त्याला टोकते. तो क्षणभर थांबतो आणि ‘हो, चाकूनेच’ असे म्हणून मोकळा होतो. बेकीला त्याची दया येते, प्रेमही वाटते आणि विसंगती तिथेच विरते. टेक्सासच्या कृतिदलातही जवळपास हेच घडत होते.

आपल्याकडचे ‘हेन्री’

खऱ्या गुन्ह्यांवरचे अस्वस्थ करणारे चित्रपट मराठी प्रेक्षकाला नवे नाहीत. ‘हेन्री’ शिकागोत प्रथम दाखवला गेला त्याच १९८६ मध्ये पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर बेतलेला, राजदत्त दिग्दर्शित ‘माफीचा साक्षीदार’ आला. त्यात नाना पाटेकर होते. त्याच प्रकरणाची छाया असलेला अनुराग कश्यपचा ‘पांच’ सेन्सॉर मंडळात अडकला. कश्यपच्याच ‘रमन राघव २.०’ने (२०१६) तर सुरुवातीला साठच्या दशकातल्या मुंबईतील खुन्याची माहिती देऊन, ही गोष्ट त्याची नाही, असे जाहीर केले. पळवाट म्हणावी की प्रामाणिकपणा, हा प्रश्न तिथेही आहेच. बळींच्या नातलगांचा प्रश्न आणखी वेगळा. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर जेफ्री डामरवरील मालिका लोकप्रिय होत असताना, आम्हाला कोणी विचारलेही नाही, अशी तक्रार काही कुटुंबीयांनी जाहीरपणे केली होती.

‘ऑरेंज सॉक्स’चे काय झाले?

लुकासला फाशीची शिक्षा झाली ती एकाच खुनासाठी. १९७९ मध्ये टेक्सासमधील महामार्गालगत एका तरुणीचा मृतदेह सापडला होता. ओळख पटली नाही. पायांत फक्त नारिंगी मोजे होते, म्हणून नोंदींत तिचे नाव ‘ऑरेंज सॉक्स’ पडले. खून झाला त्या सुमारास लुकास फ्लोरिडात छपराच्या कामावर असल्याच्या नोंदी होत्या. तरीही त्याची कबुली ग्राह्य धरली गेली. १९९८ मध्ये तत्कालीन गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. बुश यांच्या कार्यकाळात फाशी अशा प्रकारे बदलली गेल्याचे हे एकमेव प्रकरण. २००१ मध्ये लुकास हृदयविकाराने तुरुंगातच मरण पावला.

‘हेन्री’ २०१६ मध्ये तिसाव्या वर्षानिमित्त नव्या, स्वच्छ प्रतीत पुन्हा चित्रपटगृहांत आला. त्यानंतर तीन वर्षांनी, मृतदेह सापडल्यावर तब्बल चाळीस वर्षांनी, डीएनएच्या आधारे त्या तरुणीला तिचे नाव परत मिळाले. मारेकरी कोण, हे तेव्हाही पोलिसांना सांगता आले नाही.