विलायती सोन्याची घड्याळे आणि त्यांचे कर्ते

जुन्या घरांतल्या तसबिरी पाहिल्या, तर त्यांतील कर्त्या पुरुषाच्या कोटावर किंवा जाकिटावर एक साखळी हटकून दिसते. साखळीचे एक टोक काजात अडकविलेले, दुसरे खिशात गेलेले. खिशात घड्याळ आहे हे लोकांना कळावे, म्हणूनच ती साखळी बाहेर ठेवलेली असे. वेळ किती झाली हे पाहण्यापेक्षा, वेळ पाहण्याची आपली ऐपत आहे हे दाखविणे, हाच त्या घड्याळाचा निम्मा उपयोग होता. ही चाल आपल्याकडे विलायतेतून आली. त्या विलायती सोन्याच्या घड्याळांविषयी आज चार गोष्टी सांगाव्यात, असे आम्ही योजले आहे.

कामगार चळवळीतल्या माणसाला सोन्याच्या घड्याळाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे. आमचे आयुष्य पाळी, भोंगा, जादा काम आणि हजेरीतली पाच मिनिटे यांवरून भांडण्यात गेले. ज्या यंत्राने माणसाचा दिवस मोजून विकाऊ केला, ते यंत्र कोणी घडविले आणि घडविणाऱ्यांच्या पदरात काय पडले, हे समजून घेणे आम्हांस आमचेच काम वाटते.

आधी यंत्र समजून घेऊ. खिशातल्या घड्याळात लोलक चालत नाही, कारण माणूस हलतो, वाकतो, धावतो. म्हणून त्यात पोलादी पट्टीची एक कमान गुंडाळून डबीत कोंडलेली असते. किल्ली दिली की ती आवळते आणि मग हळूहळू सुटत जाते. पण आवळलेल्या कमानीचा जोर पहिल्याने फार, शेवटी फार कमी. त्यामुळे घड्याळ सकाळी पळणार आणि रात्री रेंगाळणार. यावर उपाय म्हणून भोवऱ्यासारखा निमुळता एक शंकू बसवीत. त्यावर मळसूत्री खाच असे आणि कमानीच्या डबीपासून त्या खाचेत एक बारीक साखळी गुंडाळलेली असे. कमानीला जोर असतो तेव्हा साखळी शंकूच्या बारीक टोकाला ओढते, जोर ओसरतो तेव्हा रुंद बुडाला. विहिरीवरचा रहाट ज्याने ओढला आहे त्याला यातील मर्म लगेच कळेल: चाक मोठे असेल तर थोड्या जोरात काम होते. या युक्तीला इंग्रजीत फ्युजी म्हणतात. इतर देशांनी ती सोडून दिल्यावरही इंग्रज कारागीर तिला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चिकटून राहिले.

हा जोर चाकांतून पुढे जातो आणि शेवटच्या चाकाशी त्याला अडविले जाते. एक दात सोडावयाचा, पुन्हा अडवावयाचे, पुन्हा सोडावयाचे. टिकटिक होते ती इथेच. हे सोडणे आणि अडविणे किती नेमाने होते, यावर घड्याळाचा सगळा खरेपणा अवलंबून. जुन्या घड्याळांत हे काम एका दांडीवरची दोन पाती करीत आणि ती दांडी एका गोल तोलचक्राला जोडलेली असे. त्या चक्राला स्वतःची अशी लय नव्हती, म्हणून दिवसाकाठी अर्धा तास इकडेतिकडे होणे ही नित्याची गोष्ट. बहुतेक घड्याळांना मिनिटाचा काटाच नसे. असून करणार काय?

१६७५ च्या सुमारास तोलचक्राला केसासारखी बारीक वळसेदार कमान जोडण्यात आली. ती कल्पना हॉलंडच्या हायगेन्सची की इंग्लंडच्या रॉबर्ट हूकची, यावरून त्या दोघांत मोठे भांडण झाले. विद्वानांची भांडणे विद्वानांपाशी. कल्पना कागदावर असते. ती धातूत उतरवावी लागते आणि हूकसाठी ती उतरविणारा माणूस होता थॉमस टॉम्पियन.

टॉम्पियन हा बेडफर्डशायरमधल्या एका लोहाराचा मुलगा. जन्म १६३९ चा. भात्याजवळ वाढलेला हा मुलगा लंडनला आला आणि इंग्रज घड्याळांचा जनक म्हणून लोक त्याला ओळखू लागले. त्याच्या कारखान्यातून सुमारे साडेपाच हजार खिशातली घड्याळे बाहेर पडली आणि त्याने त्यांवर ओळीने क्रमांक घातले. मालाला क्रमांक घालणे आज साधे वाटते, त्या काळी नव्हते. क्रमांक घालणे म्हणजे बिघडलेला माल आपला म्हणून ओळखण्याची हमी देणे. १७१३ साली तो वारला तेव्हा त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत, राजेरजवाड्यांच्या शेजारी जागा मिळाली. पुढे १७५१ मध्ये त्याचा सहकारी जॉर्ज ग्रॅहम याला त्याच थडग्यात ठेवले. १८३८ साली कोणा शहाण्याने तो दगड काढून टाकला. १८६६ मध्ये तेथील डीन स्टॅन्ली यांनी तो परत बसविला.

या ग्रॅहमविषयी आम्हांस विशेष आदर आहे. त्याने दंडगोलाची नवी एस्केपमेंट, म्हणजे अडविण्या-सोडविण्याची नवी रचना, १७२६ च्या सुमारास सुधारून वापरात आणली, पण तिचे पेटंट घेतले नाही. जॉन हॅरिसन नावाचा एक सुताराचा मुलगा समुद्रावर चालेल असे घड्याळ करण्याचा नाद घेऊन त्याच्याकडे आला, तेव्हा ग्रॅहमने त्याला बिनव्याजी पैसे दिले. धंद्यातला माणूस धंद्यातल्या दुसऱ्या माणसाला असे उभे करतो, हे फार विरळा. हॅरिसनचे चौथे घड्याळ १७६१-६२ च्या जमेकाच्या सफरीत एक्याऐंशी दिवसांत फक्त पाच सेकंदांनी चुकले. पार्लमेंटने १७१४ पासून वीस हजार पौंडांचे बक्षीस लावलेले होते; ते देताना मात्र त्याला इतके टोलविले, की शेवटचा हप्ता १७७३ साली मिळाला तेव्हा तो ऐंशी वर्षांचा झाला होता. ते घड्याळ सोन्याचे नव्हते, चांदीच्या पेटीचे होते. पण त्यानेच इंग्रज घड्याळांचा दबदबा जगभर झाला.

ग्रॅहमचाच शागीर्द थॉमस मज. त्याने सुमारे १७५५ मध्ये लिव्हरची रचना शोधली. तीत तोलचक्र जवळजवळ मोकळे असते. चाकाचा दात मधल्या तरफेला ढकलतो, तरफ चक्राला हलकासा धक्का देते आणि बाजूला होते. झोपाळ्यावरच्या मुलाला आपण नेमक्या वेळी बोट लावून सोडून देतो, तसेच. त्याने असे एक घड्याळ राणी शार्लटसाठी केले. आज किल्लीवर चालणारे बहुतेक प्रत्येक घड्याळ, मनगटावरचेसुद्धा, याच रचनेवर चालते. डॅनिएल क्वेअर, जॉन अर्नल्ड, थॉमस अर्न्शॉ हीही मोठी नावे; पण नावांची यादी करण्यात आम्हांस गोडी नाही, कारण खरी गोष्ट नावांच्या मागे आहे.

घड्याळाच्या आतल्या पितळी पाट्यावर वळणदार अक्षरांत ‘अमुक, लंडन’ असे कोरलेले असते. पाहणाऱ्याला वाटते, या अमुकने ते केले. एकोणिसाव्या शतकातल्या घड्याळांच्या बाबतीत बहुधा तसे नसते. चाके, पाट्या आणि ओबडधोबड सांगाडा लँकेशायरमधल्या प्रेस्कॉट गावी आणि आसपासच्या खेड्यांत तयार होई. तो लंडनच्या क्लार्कनवेल भागात किंवा कॉव्हेंट्रीला जाई. तेथे एकजण तबकडीवर मिन्याचे काम करी, दुसरा काटे कापी, तिसरा कमान ताणी, चौथा माणकाचे छिद्र पाडी, पाचवा पेटी घडवी, सहावा मुलामा देई. एका घड्याळामागे शेकड्याने वेगवेगळे धंदे मोजता येत. विल्यम पेटीने सतराव्या शतकातच श्रमविभागणीचा दाखला म्हणून घड्याळ घेतले आणि कार्ल मार्क्सनेही ‘भांडवल’ ग्रंथात सुटे भाग जोडून होणाऱ्या मालाचे उदाहरण म्हणून घड्याळच निवडले. ज्याचे नाव पाट्यावर कोरले जाई, तो पुष्कळदा फक्त शेवटचा जुळारी किंवा नुसता दुकानदार असे.

आणि ती फ्युजीची साखळी? वीतभर लांब, घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या चार पदरांइतकी जाड, शेकडो पोलादी कड्या रिव्हेट मारून जोडलेली. ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या क्राइस्टचर्च गावात होई. १७९० पासून रॉबर्ट कॉक्स याने तेथे हा धंदा उभारला आणि काम करीत बायका आणि मुले. अनाथ-निराधारांच्या सरकारी आश्रयगृहातल्या मुलीही त्यांत होत्या. डोळ्यांशी धरून, बारीक उजेडात, दिवसचे दिवस. डोळे जात. सरदाराच्या खिशातल्या सोन्याच्या डबीत एका मुलीची नजर गुंडाळलेली असे, असे आम्ही म्हटले तर ते अलंकारिक बोलणे नव्हे.

आता एका कराची हकिकत. १७९७ साली पंतप्रधान पिट यांना फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी पैसा हवा होता. त्यांनी घड्याळ बाळगण्यावर वार्षिक कर बसविला: सोन्याच्या घड्याळाला दहा शिलिंग, इतर खिशातल्या घड्याळाला अडीच शिलिंग, भिंतीवरच्याला पाच. श्रीमंतांवर कर म्हणून वरवर हे न्याय्यच दिसते. पण श्रीमंतांनी काय केले? घड्याळे लपविली, नवी घेणे थांबविले. काही महिन्यांत क्लार्कनवेलमध्ये आणि कॉव्हेंट्रीत हजारो हात रिकामे झाले. १७९८ मध्ये कर मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी अठरा कॅरटचे सोने पुन्हा कायदेशीर झाले, म्हणजे बावीस कॅरटपेक्षा स्वस्त आणि टणक पेटी करता येऊ लागली. चैनीच्या वस्तूवर घाव घातला तर तो आधी कोणाच्या पाठीवर बसतो, याचा हा चांगला धडा आहे. आमच्या मित्रांपैकी जे लोक कर म्हटला की टाळ्या वाजवितात, त्यांनी तो वाचावा.

मजुरांजवळ घड्याळे नव्हती असे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस चार चांगले हंगाम मिळालेला विणकर चांदीचे घड्याळ घेई. आपल्याकडे बायकांच्या अंगावरचे दोन मणी अडीनडीला गहाण पडतात, तसे ते गहाण पडे. वेळ पाहावयाची ती वेगळीच. पण गिरण्या आल्या आणि गरिबाच्या खिशातले घड्याळ मालकाला खुपू लागले. त्या काळच्या कामगारांच्या जबान्यांत आणि आठवणींत वाचावयास मिळते, की गिरणीचे घड्याळ सकाळी पुढे आणि रात्री मागे सरकवीत आणि कोणा कामगाराजवळ घड्याळ असेल तर ते काढून घेत. आम्ही स्वतः एका कारखान्याच्या फाटकावर पाहिले आहे, की हजेरीचे यंत्र चार मिनिटे पुढे होते आणि ते सरळ करून घेण्यास आम्हांला अकरा दिवस लागले.

मुंबईतही हा प्रश्न आला होता. १८७८ मध्ये पुरा झालेल्या राजाबाई टॉवरचे घड्याळ लंडनच्या लंड आणि ब्लॉकली या घड्याळजींचे. १९०६ साली सरकारने सगळ्या देशाला एकच वेळ लावली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेहून एकोणचाळीस मिनिटे पुढे होती. काट्यावर तोच आकडा, पण सूर्याच्या मानाने गिरणीत जावयाचे चाळीसेक मिनिटे आधी. गिरणीकामगारांनी त्याविरुद्ध संप केला. शहरात जुनी मुंबई-वेळ १९५५ पर्यंत तग धरून होती.

इंग्रज घड्याळांचा धंदा मेला तो कारागिरीच्या अभावाने नव्हे. १८४० नंतरच्या वर्षांत इंगोल्ड नावाच्या एका स्विस माणसाने लंडनमध्ये यंत्रावर घड्याळाचे भाग कापण्याची कंपनी काढली. धंद्यातल्या लोकांनी ओरड केली आणि पार्लमेंटने तिला आधार दिला नाही. ओरड करणारांत पोटाची भीती असलेले कारागीर होते, तसेच त्या कारागिरांना नगावर राबवून पोसलेले दलालही होते. दोघांची भीती एकच नव्हती. यंत्र अडविल्याने थांबले नाही, ते अमेरिकेत वॉल्थमला उभे राहिले आणि एकमेकांत बदलता येतील असे भाग पाडू लागले. स्विस लोकही मागे नव्हते. प्रेस्कॉटला १८८९ मध्ये लँकेशायर वॉच कंपनी निघाली, पण वेळ गेली होती. वीस-एकवीस वर्षांत ती बुडाली. कॉव्हेंट्रीच्या कारागिरांचे हात सायकलींच्या कारखान्यांत गेले.

कोणाच्या घरी आजोबांचे असे घड्याळ असेल, तर पेटीच्या आतल्या बाजूस भिंग धरून पाहावे. मुकुट आणि १८ हा आकडा म्हणजे अठरा कॅरट. बिबट्याचे तोंड म्हणजे कस लंडनला पाहिला, नांगर म्हणजे बर्मिंगहॅमला, तीन पेंढ्या आणि तलवार म्हणजे चेस्टरला. चेस्टरची कचेरी १९६२ साली बंद झाली. शेजारचे एकटे अक्षर पेटीचे वर्ष सांगते. मात्र पेटीचे वर्ष, यंत्राचे नव्हे, कारण जुने यंत्र नव्या पेटीत घालीत. उलट प्रकारही पुष्कळ. सोन्याचा भाव चढला की पेट्या मुशीत जात आणि कमानी, शंकू, साखळी असलेले उघडे यंत्र भंगारात येई. ‘लंडन’ हा शब्द दिसला म्हणून भुलू नये. इंग्रजी नावे कोरून परदेशात केलेला हलका मालही त्या काळी भरपूर होता.

विसाव्या शतकात ही सगळी कामे एकट्या हाताने करणारा एक माणूस झाला. जॉर्ज डॅनिएल्स. जन्म १९२६, घर गरिबीचे. कोवळ्या वयात लंडनच्या गादीच्या कारखान्यात कामाला लागला. घड्याळ दुरुस्ती स्वतः शिकला, पुस्तके स्वतः वाचली. पुढे चाकापासून काट्यापर्यंत आणि सोन्याच्या पेटीपर्यंत सारे स्वतःच्या हाताने करून त्याने खिशातली घड्याळे घडविली. सबंध आयुष्यात मोजकीच. त्याने शोधलेली नवी एस्केपमेंट स्विस कारखान्यांनी वर्षानुवर्षे नाकारली आणि १९९९ मध्ये ओमेगाने घेतली. तो २०११ साली आइल ऑफ मॅन बेटावर वारला. त्याचे शिष्य रॉजर स्मिथ यांनी त्याच बेटावर लहानसा कारखाना काढला असून, तेथे वर्षाकाठी अगदी थोडी घड्याळे होतात.