थरथरत्या कर्सरचं म्हणणं

प्लॅस्टिकच्या बॉलपेनचं मागचं टोक लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडवर फिरवून पाहा. कर्सर जागचा हलत नाही. जोर लावून फिरवा, तरी नाही. आता स्वयंपाकघरातून सालासकट केळं आणा आणि हातात धरून त्याची गोलसर बाजू पॅडवर हलकेच सरकवा. कर्सर निघतो! पॅडच्या लेखी केळं हे बोट आहे आणि पेन म्हणजे काहीच नाही.

एवढ्याशा प्रयोगात ट्रॅकपॅडचं सगळं मर्म आहे, आणि ते बिघडल्यावर कुठे पाहायचं त्याची किल्लीही. कर्सर हलवण्यासाठी या पॅडला दाब लागत नाही, ऊब लागत नाही. त्याला कळते ती फक्त विजेला वाट देणाऱ्या वस्तूची जवळीक. पाण्यामिठानं भरलेले आपण स्वतः अशीच एक वस्तू आहोत, केळंही आहे. म्हणूनच कर्सर उगाच उड्या मारायला लागला, थरथरू लागला, आपोआप क्लिक करू लागला, तर पॅड वेडं झालं असं मी सहसा मानत नाही. त्याला जे जाणवतंय तेच ते सांगतंय. त्याला आणखी काय जाणवत असेल, हे आपण शोधायचं.

त्या गुळगुळीत पृष्ठभागाखाली तांब्याच्या बारीक पट्ट्यांची जाळी असते. काही पट्ट्या आडव्या, काही उभ्या, एकमेकींना न टेकता ओलांडून जाणाऱ्या. दोन धातू जवळजवळ आणि मध्ये वीज न वाहू देणारा थर, म्हणजे झाला कंडेन्सर. घरातल्या पंख्यात असतो, तत्त्वानं तोच. फरक मापाचा आहे, आणि तो फरक थक्क करणारा आहे. छताच्या पंख्याचा कंडेन्सर साधारण अडीच मायक्रोफॅरडचा असतो, म्हणजे २५ लाख पिकोफॅरडचा. पॅडमध्ये दोन पट्ट्या जिथे ओलांडतात तिथला कंडेन्सर एखाद-दोन पिकोफॅरडच्या आसपास, आणि बोट आल्यावर त्यात पडणारा फरक म्हणजे एका पिकोफॅरडचाही छोटासा अंश. तो अंश पकडायचा, सगळ्या जाळीवर पकडायचा, आणि सेकंदाला शंभरेक वेळा पकडायचा. हे काम करणारी चिप नखाहून लहान असते.

शिवाय पट्ट्यांमधलं अंतर काही मिलिमीटर असूनही कर्सर केसाच्या जाडीएवढ्या हालचालीला दाद देतो. कारण बोट एकाच छेदावर परिणाम करत नाही. आजूबाजूच्या चारदोन छेदांवरही त्याची कमी-जास्त छाया पडते. चिप त्या सगळ्यांचा तोल काढून बोटाचा मध्यबिंदू ठरवते.

बोट आल्यावर पडणाऱ्या त्या फरकामागचं कारण मला सगळ्यात विलक्षण वाटतं. चिप एका पट्टीत झपाट्यानं बदलणारा सिग्नल सोडते. तो मधल्या विद्युतक्षेत्रातून दुसऱ्या पट्टीत पोचतो. बोट आलं की त्या क्षेत्राचा एक वाटा बोट आपल्याकडे ओढून घेतं. तो वाटा बोटातून हातात जातो, हातातून अंगात, आणि अंगातून हवा, खुर्ची, फरशी, भिंती यांच्यामार्फत जमिनीकडे. आपलं शरीर आणि जमीन मिळूनही एक कंडेन्सर तयार होतो, ढोबळमानानं १०० पिकोफॅरडचा. रबरी चपला घालून बाराव्या मजल्यावर बसलात तरी हा दुवा पुरता तुटत नाही. म्हणजे ट्रॅकपॅड वापरताना सर्किट लॅपटॉपच्या कडेला संपत नाही. त्यात तुम्ही असता, खोली असते, आणि खाली जमीनही असते.

शरीराचा हा गुण माणसाच्या फार आधीच लक्षात आला होता. १९२०च्या सुमारास रशियात लेव्ह तेरमिन यांनी असं वाद्य घडवलं, की नुसता हात जवळ-दूर नेऊन, कशालाही न शिवता त्यातून सूर काढता येतात. आपल्या घरातला साधा टेस्टर पेटतो तोही आपल्याच अंगातून जाणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहावर. ब्रिटनमधल्या मॅल्व्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये याच तत्त्वावरच्या स्पर्शपडद्याची कल्पना मांडली, तीही विमान वाहतुकीच्या नियंत्रणासाठी. पुढे अमेरिकेत जॉर्ज गर्फाइड यांनी हे तत्त्व छोट्या पॅडमध्ये आणलं, आणि १९९४ मध्ये ॲपलच्या पॉवरबुक ५०० मालिकेत कर्सर हलवणाऱ्या फिरत्या गोळीच्या जागी ते येऊन बसलं. सिनॅप्टिक्स या कंपनीचं नाव पुष्कळांनी ड्रायव्हरच्या यादीत वाचलेलं असतं. ती १९८६ मध्ये सुरू केली फेदेरिको फाजीन आणि कार्व्हर मीड यांनी. यांतले फाजीन म्हणजे १९७१च्या इंटेल ४००४ या पहिल्या व्यापारी मायक्रोप्रोसेसरचे एक मुख्य शिल्पकार. कंपनी निघाली होती मेंदूच्या पेशींसारखी सर्किटं बनवायला. त्या अभ्यासातून वाट फुटली ती आपल्या बोटापर्यंत.

आता दुरुस्तीकडे. बहुतेक जण आधी ड्रायव्हर काढून पुन्हा घालतात. माझा आग्रह असा, की आधी हात बाजूला घ्या आणि फक्त बघा. बोट नसतानाही कर्सर भटकतो का? की बोट टेकवल्यावरच थरथरतो? या एका प्रश्नावर बिघाडाचे दोन रस्ते फुटतात.

बोट टेकवल्यावरच थरथर होत असेल, तर चार्जर काढा. कर्सर तत्क्षणी शांत झाला तर पॅड निर्दोष आहे, आणि तपास भिंतीतल्या सॉकेटकडे वळवायचा. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये येणारी वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून कमी दाबाची केली जाते. त्या धांदलीत उठणारी विजेची किरकिर जिरवायला आत काही छोटे कंडेन्सर बसवलेले असतात. ते तिला अर्थिंगच्या तारेकडे वळवतात. तारच नसेल तर किरकिरीला जायला वाट उरत नाही. मग सबंध लॅपटॉपच, त्याच्या धातूच्या अंगासकट, जमिनीच्या तुलनेत अधांतरी हेलकावत राहतो. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यात हा हेलकावा निम्म्याच्या, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपासही जाऊ शकतो. चांगल्या चार्जरमध्ये यातून वाहणारा प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशाएवढाच असल्यानं तो इजा करत नाही. पण धातूच्या लॅपटॉपवरून मनगट हलकेच फिरवलं की ज्या बारीक झिणझिण्या जाणवतात, त्या याच. टेस्टर टेकवला तर कधी कधी मंद लुकलुकतोही.

या हेलकाव्यावर चार्जरची किरकिर स्वार असते, आणि पॅडची चिप पट्ट्यांत सोडते तो सिग्नल ज्या वेगानं बदलतो त्याच्या जवळपासचाच वेग या किरकिरीचाही असतो. बोट लांब असेपर्यंत पॅडला यातलं काही कळत नाही, कारण सगळी जाळी लॅपटॉपबरोबर एकत्रच हेलकावत असते. बोट टेकतं आणि जमिनीशी बांधलेलं काहीतरी मध्ये येतं. किरकिर नेमकी बोटाच्याच जागी उमटते. स्थिर बोट पॅडला थरथरताना दिसतं. दुसरा तळहात लॅपटॉपच्या धातूवर टेकवून ठेवला की थरथर बरेचदा कमी होते, कारण मग तुम्ही आणि यंत्र एकत्र हेलकावता. मला हा क्षण दरवेळी विस्मयाचा वाटतो. आपल्या नुसत्या हात ठेवण्यानं यंत्राची नजर स्थिरावते.

उपाय मात्र साधा आहे. तीन पिनांचा चार्जर टू-पिन कन्व्हर्टर लावून वापरत असाल तर तो कन्व्हर्टर काढा. आपल्या प्लगमधली वरची पिन जाड आणि लांब असते, ती सगळ्यांत आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी म्हणून. जुन्या इमारतींत त्या तिसऱ्या भोकामागे तारच नसते, असं आढळतं. ते वायरमनकडून तपासून घ्या, स्वतः सॉकेट उघडू नका. कर्सरच्या निमित्तानं घराचं अर्थिंग तपासलं गेलं, तर गीझर आणि वॉशिंग मशीनपाशी उभं राहणाऱ्यांच्या जिवाला त्याचा आधार कितीतरी मोठा आहे. स्वस्तातल्या नकली चार्जरमध्ये ही किरकिर जिरवणारे भागच अनेकदा गाळलेले असतात. तसा चार्जर बदलणं हाच उपाय.

दुसरा रस्ता: बोट नसतानाही कर्सर भटकतो. इथे पहिला संशय पाण्यावर. विद्युतक्षेत्र सामावून घेण्याची पाण्याची क्षमता हवेच्या सुमारे ८० पट असते, तेलाची जेमतेम तीनेक पट. म्हणून तेलकट बोटापेक्षा घामेजलेलं बोट पॅडला अधिक फसवतं, आणि पाण्याचा एक थेंब चक्क दुसरं बोट वाटू शकतो. कोकणात आणि मुंबईत जूननंतर पॅडची कुरकुर वाढली तर नवल नाही. लॅपटॉप बंद करून जेमतेम ओलसर केलेल्या मऊ कापडानं पॅड पुसा, मग कोरड्या कापडानं. पॅडवर थेट फवारा मारायचा नाही, द्रव कडेच्या फटीतून आत उतरतो.

पॅड सतत स्वतःचं शून्य ठरवत असतं, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. बोट नसताना जाळी कशी दिसते याची ते नोंद ठेवतं आणि तापमान, दमटपणा बदलेल तशी ती नोंद हळूहळू सुधारतं. लॅपटॉप जागा होत असताना तळहात पॅडवरच असेल, तर तळहातासकटचं चित्र हेच शून्य असं ते धरून चालू शकतं. हात उचलला की सगळं विपरीत दिसू लागतं. अशा वेळी हात पूर्ण बाजूला घेऊन ‘रीस्टार्ट’ करा. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही प्रणालीचा गाभा जपून ठेवला जातो. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र तो खरोखर नव्यानं सुरू होतो.

एवढ्यानं भागलं नाही तरच ड्रायव्हरकडे वळा. दोष सॉफ्टवेअरचा की तारांचा हे ठरवायला पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहण्याइतकी चांगली युक्ती नाही. तिथे पॅड शहाण्यासारखं वागलं तर ड्रायव्हर किंवा सेटिंग. तिथेही तीच भटकंती असेल तर पॅड, त्याची चपटी रिबन केबल, किंवा खालची बॅटरी.

बॅटरीबद्दल सावकाश सांगायला हवं, कारण इथे कर्सरपेक्षा मोठं काही पणाला लागलेलं असतं. पुष्कळ लॅपटॉपमध्ये ट्रॅकपॅडच्या अगदी खाली किंवा शेजारी लिथियम-आयन बॅटरीचे पाकिटासारखे सेल असतात. वय झालं, किंवा सतत उष्णता सोसावी लागली, की आतल्या रसायनांचं विघटन होऊन वायू तयार होतो आणि पाकीट फुगतं. ते पॅडला खालून ढकलतं. जाळी वाकते, अंतरं बदलतात, सगळे पिकोफॅरड हलतात, आणि पॅड ते प्रामाणिकपणे कळवतं. क्लिक जड होतं किंवा होतच नाही. (ॲपलच्या २०१५नंतरच्या अनेक लॅपटॉपमध्ये पॅड खाली दबतच नाही, विद्युतचुंबक त्याला आडवा झटका देतो आणि बोटाला ते दबल्यासारखं वाटतं. अशा लॅपटॉपमध्ये यंत्र बंद असताना क्लिक न होणं हा बिघाड नव्हे.)

लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून डोळे पॅडच्या पातळीला आणा. पॅड कडेपेक्षा वर आलंय का, झाकण नीट बसतंय का, यंत्र टेबलावर डुगडुगतंय का, ते पाहा. यातलं काहीही दिसलं तर चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि पुन्हा चार्ज करू नका. फुगवटा दाबून बसवायचा नाही, टोचायचा तर मुळीच नाही. फाटलेला सेल पेट घेऊ शकतो. यंत्र गादीवर किंवा कागदांच्या ढिगाऱ्यावर न ठेवता जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात जाऊ देऊ नका, ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडेच द्या. नवी बॅटरी बसली की खालचा दाब जातो, आणि पुष्कळदा तेच जुनं पॅड न बदलता पहिल्यासारखं चालू लागतं.