बोरच्या वाघाला क्लोन नको, वाट हवी
2014 साली बोर व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला तेव्हा त्याचे क्षेत्र होते जेमतेम 138 चौरस किलोमीटर. वर्ध्याच्या या रानासाठी वाघ क्लोनिंगने वाढवावेत, ही कल्पना मोहक खरी. पण इथली अडचण वाघ जन्मण्याची नाहीच. बछडी दोनेक वर्षांची झाली की स्वतःची हद्द शोधायला निघतात. मेळघाट, पेंच किंवा ताडोब्याकडे जायचे तर शेते आणि महामार्ग ओलांडावे लागतात. प्रयोगशाळेत जन्मलेला वाघही याच वाटेवर अडणार.

मग हे तंत्र टाकाऊ ठरते का? तसेही नाही. 2014 च्याच डिसेंबरात कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत छत्तीसगडमधल्या उदंतीच्या ‘आशा’ या रानम्हशीच्या पेशींपासून ‘दीपआशा’ जन्मली. पण पुढे तिची रवानगी झाली नवा रायपूरच्या जंगल सफारीत, उदंतीच्या रानात नव्हे! शिवाय क्लोन म्हणजे जुनीच जनुके, असा आक्षेप असतो. जिवंत जनावराची प्रत काढली तर तो रास्तच आहे. पण अमेरिकेतले काळ्या पायांचे फेरेट, म्हणजे मुंगसासारखे दिसणारे छोटे शिकारी प्राणी, अवघ्या सात पूर्वजांचे वंशज उरले होते. वंश न राहिलेल्या एका मादीच्या, 1988 साली गोठवलेल्या पेशींपासून 2020 मध्ये क्लोन जन्मला. 2024 मध्ये तिच्याच दुसऱ्या क्लोनला पिल्ले झाली. हरवलेली जनुके वंशात परतली. गडचिरोलीतल्या कोलामार्काच्या मोजक्या रानम्हशींच्या पेशी म्हणूनच आताच गोठवून ठेवाव्यात. बोरचा पैसा मात्र महामार्गाखालच्या भुयारी मार्गांवर खर्च व्हावा.