जादा पोळीचा हिशेब

घनसावंगीसारख्या मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी खानावळीत दोन पद्धती दिसतात: एकीत ठरलेल्या दरात पोटभर जेवण मिळते, तर दुसरीत, म्हणजे राईस प्लेटमध्ये, मोजक्या पोळ्या असतात आणि जादा पोळीचे वेगळे पैसे लागतात. वरण किंवा रस्सा पुन्हा वाढणे मालकाला फारसे जड जात नाही, परंतु पोळी, आणि त्याहून अधिक ज्वारीची भाकरी, एकेक करून लाटावी किंवा थापावी आणि भाजावी लागत असल्याने तिथे पिठापेक्षा मजुरीच महाग पडते. मिसळीतही हेच सूत्र असून तर्री, म्हणजे वरचा तिखट रस्सा, अनेक ठिकाणी फुकट मिळते, पाव मात्र मोजला जातो.

सरकारही पोळी मोजतेच. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन योजनेत १० रुपयांच्या थाळीत प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या ठरवण्यात आल्या, ज्या कष्टकऱ्याच्या भुकेला अपुऱ्याच म्हणाव्या लागतील. परदेशात हाच प्रश्न पावाचा असतो: इटलीत ‘कोपेर्तो’ नावाचा माणशी आकार घेतला जातो आणि पाव बहुधा त्यातच धरतात; फ्रान्समध्ये जेवणासोबतचा पाव सहसा फुकट असतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून विकत मिळणाऱ्या चपाती-रोटीवरील जीएसटी शून्य झाला; मात्र उपाहारगृहात बसून खाल्लेली पोळी ‘सेवा’ ठरते आणि तिच्यावर साधारणपणे ५ टक्के आकारणी होऊ शकते, म्हणून जादा पोळी मागण्यापूर्वी दर विचारून घ्यावा.