विजेचें कांडण

धान कांडतांना दोघी बाया एकाच उखळांत आळीपाळीनें मुसळ घालीत. त्यामुळें काम वाढे व ठोका खंडत नसे. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील भद्रावतीच्या वीज-केंद्रांत हीच युक्ति आहे. पश्चिम व दक्षिण भारताच्या वीजजाळ्यांचा ताल २०१३ अखेरपर्यंत निराळा होता. म्हणून एकीकडील वीज प्रथम एकदिश करून मग दुसरीकडे तिकडच्या तालावर देत. त्यासाठीं ५०० मेगावॅटचे दोन संच शेजारीं जोडले आहेत. दोहोंचे प्रवाह एकत्र येऊन १००० मेगावॅट वीज नेतां येते. प्रत्येक संचाच्या प्रत्येक बाजूस रूपांतराचे दोन पूल असून एकाचे ठोके दुसऱ्याच्या ठोक्यांमध्यें पडतात. आवर्तनागणिक सहांऐवजीं बारा ठोके मिळून विजेंतील चढउतार ओसरतात. एक संच थांबला तरी निम्मी वीज चालूच राहते. बळ जोडावें, पण पाळी सांभाळून, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें असें आम्हांस वाटतें.