जुन्या भेगांचा हिशेब

न्यू मेक्सिकोतील जेमेझ पर्वतात, एका प्राचीन ज्वालामुखीच्या महाकुंडाच्या पश्चिमेस, फेंटन हिल या ठिकाणी लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी 1970 नंतरच्या दशकात जी मोहीम आरंभली, तिचा हेतू असा होता की, भूगर्भातील तप्त पण कोरड्या ग्रॅनाइटमध्ये दोन विंधनविहिरी उतरवाव्यात, एकीतून थंड पाणी मोठ्या दाबाने सोडावे, आणि खडकातील भेगांतून फिरून तापलेले ते पाणी दुसरीतून वर घ्यावे. दुसऱ्या टप्प्यातील खोल विहीर सुमारे 4.4 किलोमीटरांपर्यंत पोहोचली, आणि तिच्या तळाशी 320 अंश सेल्सिअसहून अधिक तपमान आढळले. दोन्ही विहिरींचे खालचे भाग मुद्दाम तिरपे, एकावर एक असे खणले होते. कारण दाबाने पडणारी भेग उभी वाढेल आणि वरच्या विहिरीला जाऊन भिडेल, असा अदमास होता. 1983 च्या डिसेंबरात सुमारे 21 हजार घनमीटर पाणी खडकात रिचवण्यात आले. भेगा उघडल्या खऱ्या. परंतु त्यांच्यासोबत उठलेल्या सूक्ष्म भूकंपांची नोंद घेतली तेव्हा तो सारा पसारा तिरप्या दिशेने गेलेला दिसला, आणि दुसरी विहीर त्यापासून अलगच राहिली. अखेर 1985 मध्ये तिची दिशा बदलून ती त्या भूकंपक्षेत्रातून नव्याने खणली, तेव्हा कुठे दोहोंचा संबंध जुळला.

तो अदमास काही निराधार नव्हता. खडकावर ज्या दिशेने सर्वांत कमी दाब असतो तिच्याशी काटकोन करून भेग उघडते, हे हबर्ट आणि विलिस यांनी 1957 मध्येच दाखवले होते. आणि पुष्कळ खोलीवर वरच्या थरांचे वजन बहुधा आडव्या दाबांपेक्षा अधिक असल्यामुळे भेग उभी असणार हा निष्कर्ष ओघानेच येतो. रशियातील ख्रिस्तियानोविच व झेल्तॉव्ह यांनी 1955 मध्ये, आणि अमेरिकेतील पर्किन्स व कर्न यांनी 1961 मध्ये, अशा एकट्या भेगेची लांबी, रुंदी आणि तिच्यातील दाब काढण्याची सूत्रे सिद्ध केली. 1947 मध्ये कॅन्ससच्या ह्यूगोटन वायुक्षेत्रात जिचा प्रथम प्रयोग झाला, आणि आपल्याकडे कोरड्या पडत चाललेल्या विंधनविहिरींना पाणी यावे म्हणून जी जलभंजन या नावाने आजही वापरली जाते, त्या पद्धतीचे गणित या सूत्रांनी प्रथमच हाती दिले. मात्र त्यांत खडक अखंड आणि सर्वत्र सारखा असल्याचे गृहीत धरलेले होते.

अखंड खडकातही हे गणित सोपे नाही. पाण्याच्या दाबाने भेग रुंदावते, रुंदी बदलली की प्रवाह बदलतो, आणि प्रवाह बदलला की पुन्हा दाब बदलतो. त्यातच प्रवाह रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने रुंदी दुप्पट झाली तर त्याच दाबाखाली आठपट पाणी वाहते. म्हणून तिन्ही राशी एकाच वेळी, क्षणाक्षणाला सोडवाव्या लागतात, आणि रुंदीतील अल्पशी चूक प्रवाहाच्या उत्तरात पुष्कळ मोठी होऊन उमटते.

आता अशी भेग वाढत असता तिच्या वाटेत एखादी जुनी, निसर्गनिर्मित भेग आडवी आली, तर काय घडेल? ती तिला छेदून पलीकडे जाईल, किंवा तेथेच अडेल, किंवा जुन्या भेगेच्या वाटेने वळेल. आणि यांपैकी काय व्हायचे ते दोन भेगांमधला कोन, जुन्या पृष्ठांमधील घर्षण व निरनिराळ्या दिशांच्या दाबांमधला फरक यांवरून ठरते. याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, जुन्या भेगेत शिरलेले पाणी तिची दोन पृष्ठे एकमेकांवर दाबून धरणाऱ्या भाराचा काही अंश स्वतः पेलते, घर्षणाचा अंमल सैल होतो, आणि भेग पूर्ण उघडण्यापूर्वीच तिची एक बाजू दुसरीवरून सरकते. सरकलेल्या खडबडीत पृष्ठांचे उंचवटे व खळगे पुन्हा जुळत नाहीत. त्यामुळे दाब उतरल्यावरही पाण्याला वाट शिल्लक राहते. फेंटन हिलच्या ग्रॅनाइटमध्ये मुख्यत्वे जुन्या भेगाच जाग्या झाल्या होत्या.

हे सारे संगणकात आणायचे तर खडकाची कल्पनाच बदलावी लागते. पीटर कंडॉल यांनी 1971 मध्ये मांडलेल्या पद्धतीत खडक म्हणजे परस्परांना टेकलेल्या, सरकणाऱ्या, फिरणाऱ्या ठोकळ्यांचा समुदाय मानला जातो, आणि त्यांच्यामधल्या फटींतून पाणी वाहू दिले की भेगांचा परस्परसंबंध आपोआप गणितात दाखल होतो. पण कित्येक किलोमीटर खाली प्रत्येक फट कोठे आहे हे कोणी पाहिलेले नसते. हाती असतात ते विहिरीच्या भिंतीचे चित्रण, वर काढलेले खडकाचे दंडगोल नमुने आणि पृष्ठभागावर उघडे पडलेले तत्सम खडक. त्यांवरून भेगांच्या दिशा, लांबी व दाटी यांचे सांख्यिकी नियम मुक्रर करून, त्या नियमांत बसणारी अनेक काल्पनिक जाळी रचतात आणि प्रत्येकात पाणी सोडून पाहतात. उत्तरे एकमेकांपासून दूर पडतात, आणि हा विखुरलेपणा लपवून सरासरीचे एकच देखणे चित्र पुढे ठेवणे मला शास्त्राशी प्रतारणा वाटते. ज्यांच्या घराखाली हे पाणी सोडायचे, त्यांना शक्यतांचा संपूर्ण पल्ला कळण्याचा अधिकार आहे. स्वित्झर्लंडमधील बाझल शहराखाली अशाच हेतूने 2006 च्या डिसेंबरात पाणी सोडणे थांबवल्यावर काही तासांनी 3.4 प्रतीचा धक्का बसला, आणि पुढे तो प्रकल्पच सोडून द्यावा लागला. जलाशयाचे पाणी आणि जुने भ्रंश यांचा संबंध किती गंभीर असतो, हे कोयनेच्या खोऱ्याने 1967 च्या भूकंपातच भोगले आहे.

युटा राज्यातील मिलफर्डजवळच्या फोर्ज प्रकल्पात क्रम बदलला. तेथे 2022 मध्ये पहिल्या विहिरीतून ग्रॅनाइटमध्ये पाणी दाबले, त्यातून उठलेल्या सूक्ष्म भूकंपांची स्थाने निश्चित केली, आणि त्या क्षेत्रातून जाईल अशा बेताने दुसरी विहीर 2023 मध्ये खणली.