फ्रान्समध्ये उपचार मोफत, तरी इंग्रजी भाषिकांना कॅन्सर आधारगट का काढावा लागला?

फ्रान्समध्ये कॅन्सर हा 'दीर्घकालीन आजारां'च्या सरकारी यादीत येतो. सरकारी आरोग्य विमा असेल, तर कॅन्सरवरील उपचारांचा ठरलेल्या दरांनुसार होणारा १०० टक्के खर्च विमा उचलतो.

तरीही २००३ मध्ये तिथल्या इंग्रजी भाषिकांसाठी 'कॅन्सर सपोर्ट फ्रान्स' ही संस्था सुरू झाली. पैशांचा प्रश्न सुटला होता, मग अडचण कसली होती? भाषेची.

रोजचं फ्रेंच का पुरत नाही?

दॉर्दोन्य, शारांत अशा ग्रामीण भागांत अनेक ब्रिटिश लोक निवृत्तीनंतर स्थायिक झाले आहेत. बाजारहाट आणि शेजाऱ्यांशी गप्पा यांपुरतं फ्रेंच त्यांना जमतं. पण डॉक्टरांचं बोलणं वेगळं असतं.

फ्रेंच रिपोर्टमधला 'एव्होल्युतीफ' हा शब्दच बघा. इंग्रजी माणसाला तो 'इव्हॉल्व्ह'सारखा, म्हणजे निरुपद्रवी वाटू शकतो. प्रत्यक्षात आजार वाढतोय, असा त्याचा अर्थ होतो.

शब्दकोशात शब्दाचा अर्थ मिळतो. पण 'केमो आता नकोशी झालीये' किंवा 'मुलांना कसं सांगू?' हे मनातलं बोलायला आपलीच भाषा लागते. सोबत काळजी घेणाऱ्या नवऱ्याला किंवा बायकोलाही. त्यात जवळचे नातेवाईक समुद्रापलीकडे.

असा गट काय करतो?

मुख्य काम ऐकून घेण्याचं. प्रशिक्षित स्वयंसेवक फोनवर किंवा भेटून रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलतात. त्यांच्याकडचं बोलणं गुप्त राहतं. ते औषध सुचवत नाहीत आणि डॉक्टरांच्या निर्णयावर मतही देत नाहीत. ही मर्यादा पाळली नाही, तर आधाराऐवजी नुकसानच होऊ शकतं.

गट सुरू कसा होतो?

फ्रान्समध्ये १९०१ च्या कायद्यानुसार दोन माणसंसुद्धा संस्था काढू शकतात. नियमावली तयार करायची, प्रशासनाकडे नोंद करायची. सरकारी राजपत्रात नाव छापून आलं की संस्थेला कायदेशीर अस्तित्व मिळतं. मग तिच्या नावानं बँकेत खातं उघडता येतं.

कागदपत्रं हा सोपा भाग. खरी कसोटी पुढे असते. अशा गटांत स्वतः कॅन्सर झालेले किंवा घरचं माणूस गमावलेले लोकही काम करतात. त्यांचा आजार उलटू शकतो, दुःख पुन्हा वर येऊ शकतं. म्हणून सगळा भार एक-दोघांवर टाकून चालत नाही. ऐकणाऱ्यांचं ऐकणारंही कुणी लागतं.

परदेशात असाल तर काय करावं?

प्रश्न आधीच लिहून न्या, सोबत कुणाला तरी घ्या आणि दुभाषा मिळेल का, हे हॉस्पिटलला विचारा. रिपोर्टची प्रत मागा. फ्रान्समध्ये २००२ च्या कायद्यानं रुग्णाला स्वतःची वैद्यकीय फाइल पाहण्याचा हक्क दिला आहे.

उपचार हॉस्पिटलमध्येच होतात. पण काय चाललंय हे समजलं आणि भीती बोलून दाखवता आली, तर ते सोसणं थोडं सोपं होतं.